नग कशास म्हणावे? : पॅलेटबद्ध मालाची बांधणी, सुरक्षितता आणि जबाबदारी यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

मालवाहतुकीच्या व्यवहारात 'नग' हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याची व्याख्या करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. पावतीवर नगांची संख्या लिहिली जाते, हमालीचा दर अनेकदा नगावर ठरतो आणि माल गहाळ झाल्यास भरपाईची मागणीही नगांच्या हिशेबाने होते. परंतु चोवीस खोकी एका लाकडी चौकटीवर रचली, ती पट्ट्यांनी आवळली, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळले आणि ही सर्व रचना फोर्कलिफ्टने एकदम उचलून जहाजावर चढविली, तर ते नग चोवीस मानावयाचे की एक? हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरी मालवाहतुकीच्या कायद्यास त्याने बराच काळ गुंतवून ठेवले. मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा त्याच्यामागील खरा प्रश्न होता.

मालवाहतुकीच्या आधुनिक इतिहासात नायकाचे स्थान सामान्यतः कंटेनरला दिले जाते. मार्क लेव्हिन्सन यांच्या 'द बॉक्स' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ते स्थान अधिकच दृढ केले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, येथून ही कथा सुरू होते. आणि माल चढविण्याचा खर्च टनामागे ५.८६ डॉलरवरून सुमारे १६ सेंटवर कसा आला, हा तिचा मुख्य धागा असतो. ही मांडणी खोटी नाही. मात्र ती खर्चाच्या अंगाने केलेली आहे. सुरक्षिततेच्या अंगाने पाहू गेल्यास कंटेनरहून साधी व वयाने थोरली असलेली पॅलेट अधिक महत्त्वाची ठरते. माल नीट बांधला आहे की नाही, हे पाहण्याची जागा बंदरातून उठून कारखान्याच्या व शेतमालाच्या पॅकहाऊसच्या दारात जाण्यास खरी सुरुवात पॅलेटपासून झाली. ही जागा हलली, परंतु तिच्यामागोमाग नियम हलण्यास दर वेळी उशीर झाला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

कापसाची गाठ आणि गोदीतील नजर

अनेक सुट्या वस्तू एकत्र आवळून त्यांचा हाताळण्याजोगा एक नग करणे, ही कल्पना पॅलेटच्या फार आधीची आहे. मुंबईच्या संदर्भात तिचे ठळक उदाहरण म्हणजे कापसाची गाठ होय. कापूस वजनाने हलका व आकारमानाने मोठा. जहाजातील जागा मर्यादित असल्याने तो जितका दाबावा तितका फायदेशीर. त्यामुळे आरंभी माणसांनी फिरविण्याचे स्क्रू-प्रेस आणि नंतर वाफेच्या व पाण्याच्या दाबावर चालणारे प्रेस मुंबईच्या कापूस व्यापाराचा अविभाज्य भाग बनले. पुढे ३९२ पौंडांची गाठ ही भारतीय कापसाची प्रमाणित गाठ मानली जाऊ लागली. दशमान पद्धतीत ती १७० किलोंची झाली.

गाठीने एक नवी अडचणही निर्माण केली. आवळलेल्या मालाच्या आत काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि त्याचबरोबर भेसळीचा प्रश्नही तीव्र झाला. मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीस आळा घालणारा कायदा करावा लागला, तो या पार्श्वभूमीवर. बंद नगावर विश्वास ठेवावयाचा तर तो बांधणाऱ्यावर कोणाची तरी देखरेख हवी, हे सूत्र येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत आले असे म्हणता येईल. अर्थात या कायद्याचा रोख व्यापारातील फसवणुकीवर होता; गोदीतील माणसाच्या जीवितावर नव्हता.

प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये खुली झाली, तिच्यापाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक आली आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. या गोद्यांमधील काम मुख्यतः माणसांच्या हातांनी व पाठींनी होत असे. हातात लोखंडी आकडा घेतलेले कामगार गाठी, पोती, पिंपे व खोकी धक्क्यावर आणीत. दोरांच्या किंवा जाळ्यांच्या साहाय्याने यारी ती उचले. आणि जहाजाच्या खणात उतरलेली दुसरी टोळी ती एकेक करून लावीत असे. हे काम अत्यंत कष्टाचे होते व त्यात अपघातही होत. आज त्याचे स्मरणरंजन करण्याचे कारण नाही. तथापि त्यात एक गोष्ट अंतर्भूत होती. प्रत्येक नग अनेक हातांतून जाई व अनेक डोळ्यांखालून जाई. गाठीची पट्टी तुटली आहे, पिंप गळते आहे, पोते ओले आहे, हे माल खणात उतरण्यापूर्वी कोणाला तरी दिसत असे. जहाजाचा अधिकारी मालाची जी पोच देई, तिच्यावर असे दोष नोंदविण्याची प्रथा होती. निष्कलंक पोच मिळाली तरच व्यापाऱ्यास निष्कलंक बिल ऑफ लेडिंग मिळे. म्हणजे व्यापाराच्या मुळाशी गोदीतील ही साधी नजर होती.

१४ एप्रिल १९४४

ही नजर असूनही अनर्थ घडू शकतो, हे मुंबईने पाहिले. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीत त्यातील काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी, त्याशिवाय वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, माशांचे खत असा नाना प्रकारचा माल भरण्यात आला. जहाजाचे कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ यांनी अशा ज्वालाग्राही मालाबद्दल नापसंती व्यक्त केली होती. परंतु युद्धकाळात जहाजाची जागा रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. १४ तारखेस दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या खणात धूर दिसला. त्या खणात कापूस खाली होता आणि स्फोटके वर. आग विझविण्यासाठी सुमारे ९०० टन पाणी सोडण्यात आले. दाबून भरलेल्या कापसाची आग त्याने विझली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या दुर्घटनेची आठवण सामान्यतः शौर्याची व हानीची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मालवाहतुकीच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. आग बहुधा कोणी टाकलेल्या सिगारेटने लागली असावी. पण ठिणगी आणि स्फोट यांच्या मध्ये जे होते ती मालाची रचना होती. आणि ती रचना कोणाच्या नजरेतून सुटलेली नव्हती. कप्तानाला ती ठाऊक होती. ज्याला धोका दिसत होता त्याच्या हाती निर्णय नव्हता. मुंबईच्या गोदीत १९४४ साली ज्ञान व अधिकार यांची फारकत झालेली दिसते. पुढील अर्धशतकात यंत्रे आली, चौकटी आल्या, बंद पेट्या आल्या. तेव्हा जहाजावरील माणसाकडे अधिकार तर राहिला नाहीच, ज्ञानही राहिले नाही.

पॅलेटचा उदय

पॅलेटची कथा फोर्कलिफ्टवाचून सांगता येत नाही. केवळ वरच्या बाजूस फळ्या असलेल्या व पायांवर उभ्या राहणाऱ्या लाकडी चौकटी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कारखान्यांत होत्या. १९१७ च्या सुमारास क्लार्क कंपनीची मालवाहू यंत्रगाडी आली आणि पुढील दशकात दोन लोखंडी दांड्यांनी माल उभा उचलणारी यंत्रे विकसित झाली. चौकटी एकावर एक रचावयाच्या तर वरच्या चौकटीचे पाय खालच्या मालात रुतू नयेत, म्हणून तिच्या खालच्या बाजूसही फळ्या आल्या. आज सर्वत्र दिसणारी पॅलेट अशा रीतीने आकारास आली. तिचा लाभ काय होता, हे १९३१ साली एका अमेरिकी व्यावसायिक नियतकालिकात आलेल्या व पुढे वारंवार उद्धृत झालेल्या उदाहरणावरून कळते. डबाबंद पदार्थांची १३,००० सुटी खोकी रेल्वेच्या वाघिणीतून उतरविण्यास तीन दिवस लागले. तितकीच खोकी चौकटींवर रचून पाठविली असता चार तासांत काम झाले.

तरीही पॅलेटचा सार्वत्रिक प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. अमेरिकी नौदलात नॉर्मन कॅनर्स यांनी चारही बाजूंनी उचलता येणाऱ्या पॅलेटच्या विकासात महत्त्वाचा वाटा उचलला आणि 'द पॅलेटायझर' नावाचे एक पत्रकही चालविले. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या अमेरिकी फोर्कलिफ्ट व पॅलेट यांच्या व्यवस्थापनासाठी तेथील सरकारने एक सामाईक यंत्रणा उभी केली. हिच्यातूनच निर्माण झालेली 'चेप' ही संस्था १९५८ मध्ये ब्रॅम्बल्स कंपनीकडे गेली आणि पॅलेट भाड्याने देण्याचा जागतिक व्यवसाय उभा राहिला. युरोपातील रेल्वेंनी १९६१ मध्ये १२०० गुणिले ८०० मिलिमीटर आकाराच्या पॅलेटची देवघेव मान्य केली. ही युरोपीय पॅलेट ७८ खिळ्यांची असते. खिळ्यांची संख्यादेखील ठरवून द्यावी लागली, यातच तत्कालीन गरजेचे स्वरूप दिसते. एका देशात बांधलेली चौकट दुसऱ्या देशातील अपरिचित कामगार मोडण्याची भीती न बाळगता उचलणार होता.

बांधणीचे शास्त्र

पॅलेटवर माल रचणे हे दिसावयास सोपे काम आहे. त्यातील बारकावे मात्र कामगारांच्या अनुभवातून व प्रयोगशाळांतील चाचण्यांतून हळूहळू सिद्ध झाले. नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ रास वजन पेलण्यास उत्तम. परंतु सरळ रास डोलते व सुटते. विटांच्या भिंतीप्रमाणे सांधे चुकवून रचलेली रास एकसंध राहते. तिच्यात वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मध्यभागी येतो आणि खोके दबते. या दोहोंत तडजोड म्हणून खालचे थर सरळ व वरचे एक-दोन थर सांधे चुकवून रचण्याची पद्धत पडली. खोके पॅलेटच्या कडेबाहेर थोडेसे जरी आले तरी त्याची भिंत अधांतरी राहून ताकद लक्षणीय घटते. याउलट माल कडेपासून फार आत असला तर शेजारच्या पॅलेटशी पोकळी राहते व प्रवासात तो सरकतो. जड माल खाली, हलका वर. मोडकी फळी वा वर आलेला खिळा असलेली पॅलेट बाजूला. पट्टीखाली कडेस कोन लावलेला. ही शिस्त आज कोणत्याही गोदामात सांगितली जाते.

१९७० च्या दशकापासून स्ट्रेच फिल्म रूढ झाली. तिच्याबद्दल एक गैरसमज मात्र आजही आढळतो. प्लॅस्टिक गुंडाळले म्हणजे माल बांधला गेला, अशी समजूत असते. फिल्म खोक्यांना खोक्यांशी बांधते. तिचे पहिले वेढे पॅलेटच्या लाकडावरून घेतले नाहीत, तर अख्खी रास चौकटीवरून एकत्रच घसरते. समुद्रावर ही शक्यता काल्पनिक नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व संयुक्त राष्ट्रांचा युरोपविषयक आर्थिक आयोग यांनी २०१४ मध्ये मान्य केलेल्या भरणीसंहितेनुसार, खवळलेल्या समुद्रात मालावर त्याच्या वजनाच्या ०.८ पट आडवा जोर येईल असे धरून तयारी करावी लागते. म्हणजे १,००० किलोंच्या पॅलेटला ८०० किलोंच्या वजनाइतका आडवा जोर सहन करता आला पाहिजे. सपाट जमिनीवर भक्कम वाटणारी रास ही कसोटी क्वचितच आपोआप उतरते.

यातच मापांचा एक घोळ आहे आणि तो इतिहासाने निर्माण केलेला आहे. कंटेनरची बाहेरील रुंदी आठ फूट, ती अमेरिकी रस्त्यांच्या मर्यादेवरून आली. आतील रुंदी साधारण २.३३ मीटर. युरोपीय पॅलेट लांबीच्या बाजूने शेजारी शेजारी दोन ठेवाव्यात तर २.४० मीटर जागा लागते. त्या मावत नाहीत. एक आडवी व एक उभी ठेवली तर सुमारे ३३ सेंटिमीटरची पोकळी राहते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेला अखेरीस पॅलेटची एक नव्हे, तर सहा मापे मान्य करावी लागली. रेल्वेचा वारसा सांगणारी चौकट आणि रस्त्याचा वारसा सांगणारी पेटी यांचे न जुळणारे हिशेब आज हवेच्या पिशव्या व लाकडी ठोकळे घालून भरून काढले जातात. ज्या पॅकहाऊसमध्ये हे ठोकळे वेळेवर पोचत नाहीत, तेथे ती पोकळी तशीच समुद्रावर जाते.

नग एक की अनेक

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ब्रुसेल्स येथे १९२४ मध्ये ठरलेल्या व हेग नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमांनी जहाजमालकाची जबाबदारी प्रत्येक नगामागे १०० पौंडांपर्यंत मर्यादित केली. मालाचे बांधकाम अपुरे असल्यास त्यातून झालेल्या हानीपासून जहाजमालकास मुक्तताही दिली. भारतात हेच नियम १९२५ च्या सागरी मालवाहतूक कायद्याने लागू झाले. तो कायदा शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये, नव्या कायद्याने बदलण्यात आला. हे नियम झाले तेव्हा नग म्हणजे गाठ, पेटी, पिंप. अमेरिकेने १९३६ च्या कायद्यात ही मर्यादा नगामागे ५०० डॉलर ठेवली.

अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या संघराज्य अपील न्यायालयासमोर १९६७ मध्ये आलेल्या 'स्टँडर्ड इलेक्ट्रिका' खटल्यात दूरचित्रवाणी संचांचे ट्यूनर नऊ पॅलेटवर पाठविले होते. प्रत्येक पॅलेटवर सहा खोकी. त्यांपैकी सात पॅलेट गहाळ झाल्या. खोके हा नग मानला तर भरपाईची मर्यादा ४२ नगांची, म्हणजे २१,००० डॉलर. पॅलेट हा नग मानला तर सात नगांची, म्हणजे ३,५०० डॉलर. कागदपत्रांत पक्षकारांनी पॅलेट हेच एकक धरले होते, हे पाहून न्यायालयाने पॅलेटलाच नग ठरविले. या निकालाचा व्यावहारिक अर्थ विलक्षण होता. माल सुरक्षित राहावा म्हणून जो व्यापारी तो अधिक नीटपणे एकत्र बांधील, त्याचेच कायदेशीर संरक्षण घटणार होते. सुटी खोकी पाठविणारा निष्काळजी व्यापारी कायद्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरत होता.

ही विसंगती फार काळ चालण्यासारखी नव्हती. १९६८ च्या ब्रुसेल्स मसुद्याने नियमांत दुरुस्ती केली आणि तीत पॅलेट हा शब्द प्रथमच आला. कंटेनर, पॅलेट किंवा तत्सम साधनात एकत्र केलेल्या मालातील जितके नग बिल ऑफ लेडिंगवर स्वतंत्रपणे नमूद असतील तितके नग मानावेत, असे ठरले. भारतीय कायद्यात या धर्तीची दुरुस्ती बहुविध मालवाहतुकीच्या १९९३ च्या कायद्याबरोबर आली. म्हणजे लेखणीच्या एका ओळीवर भरपाई अवलंबून राहू लागली. नग मोजण्याचे जे काम पूर्वी गोदीत कारकून उभा राहून, डोळ्यांनी पाहून करीत असे, ते आता माल पाठविणाऱ्याच्या कार्यालयातील टंकलेखकाकडे गेले.

वजनाची नोंद

जबाबदारीच्या या स्थलांतराचे दुसरे उदाहरण वजनाचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९२९ च्या कराराने एक मेट्रिक टन वा त्याहून जड असलेल्या, जलमार्गाने जाणाऱ्या प्रत्येक नगावर त्याचे एकूण वजन ठळकपणे लिहिणे बंधनकारक केले. कारण साधे होते. यारी चालविणाऱ्याला ओझे किती आहे हे माहीत नसेल तर साखळी तुटते व खाली उभा असलेला माणूस मरतो. परंतु वजन कोणी लिहावयाचे, पाठविणाऱ्याने की आणखी कोणी, हे त्या कराराने प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडले. भारताने हा करार १९३१ मध्ये मान्य केला. त्यासाठीचा जड नगांवर वजन लिहिण्याविषयीचा कायदा झाला तो १९५१ मध्ये. मधल्या वीस वर्षांत मुंबईच्या गोदीत किती अनामिक ओझी उचलली गेली असतील, याची कल्पनाच करावी.

पॅलेट आणि तिला पोटात घेणारा कंटेनर आल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नेपोली' हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडून त्याचा सांगाडा फुटला. चौकशीत डेकवरील, पाण्यापासून बचावलेले सुमारे ६६० कंटेनर प्रत्यक्ष तोलण्यात आले. त्यांपैकी १३७ कंटेनरचे वजन कागदावरील वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले; सर्वांत मोठी तफावत २० टनांची होती. जहाज फुटण्याचे मूळ कारण त्याच्या रचनेतील दुर्बलता हे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. सर्व दोष वजनांवर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र जहाजावर काय चढले आहे हे जहाजास ठाऊक नसते, ही गोष्ट या मोजणीने निर्विवाद सिद्ध केली. अखेर १ जुलै २०१६ पासून तपासलेले वजन कळविल्याखेरीज भरलेला कंटेनर जहाजावर न घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम अमलात आला. भरलेला कंटेनर तोलावा, किंवा आतील प्रत्येक नग, पॅलेट व आधाराचे साहित्य तोलून त्यांत कंटेनरचे वजन मिळवावे, असे दोन मार्ग त्याने दिले. आणि ही जबाबदारी माल पाठविणाऱ्याचीच, हेही निःसंदिग्धपणे सांगितले. १९२९ साली मोकळा सोडलेला प्रश्न ८७ वर्षांनी मिटला.

लाकडातील प्रवासी

वजनाखेरीज आणखी एक धोका पॅलेटच्या लाकडातच दडलेला होता आणि तो कोणाच्याही पावतीवर नव्हता. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील झाडे पोखरणारा लांब शिंगांचा आशियाई भुंगेरा आढळला. तो आयात मालाच्या लाकडी बांधणीतून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. पोर्तुगालमध्ये १९९९ मध्ये पाईन वृक्षांना मारणारा सूत्रकृमी सापडला. मालाची अत्यंत काळजीपूर्वक केलेली बांधणी दुसऱ्या खंडातील अरण्यांच्या मुळावर आली होती. २००२ मध्ये वनस्पतिसंरक्षणाचे पंधरावे आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झाले. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे तापवावा किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी आणि तशी खूण पॅलेटवर उठवावी, असा नियम झाला. ही धुरी ओझोनच्या थराला घातक असल्याने तिच्यावर दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध आणले होते. वनस्पतिसंरक्षणासाठी मात्र सवलत ठेवावी लागली. भारतातही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने लाकडी बांधणीस नियमांच्या कक्षेत आणले. या खुणेत गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची अक्षरे आणि प्रक्रियेचे नाव असते. ही खूण नसलेली एक पॅलेट संपूर्ण खेप परत पाठविण्यास पुरेशी ठरू शकते.

गोदीपासून द्राक्षबागेपर्यंत

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर दोन टोकांना घडले. एक टोक कामगारांचे. डोक्यावर व पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना नोकरीचे नियमन, वेतन व कल्याण यांची हमी देणारा माथाडी कायदा १९६९ मध्ये झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषाने वाहावयाचे कमाल वजन ५५ किलोंपर्यंत आणण्याची शिफारस केली होती. मूळ करार भारताने २०१० मध्ये मान्य केला. कायद्याने माणसाचे ओझे हलके करण्यास सुरुवात केली त्याच काळात यंत्राने ते ओझे त्याच्याकडून काढूनच घेतले, हा योगायोग कामगारांना महाग पडला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा व्यापार मुंबईच्या जुन्या गोद्यांकडून खाडीपलीकडे सरकत गेला. ज्या हातांना गाठीची सैल पट्टी कळत असे, त्यांना नवीन बंदरात काम नव्हते. त्यांच्या ज्ञानाची नोंद कोणत्याही नियमपुस्तिकेत झाली नाही. मुंबईच्या बंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही, काही सन्मान्य अपवाद वगळता, ती करण्याची तसदी घेतली नाही.

दुसरे टोक नाशिकच्या द्राक्षबागांत आहे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' स्थापन केली आणि युरोपला समुद्रमार्गे द्राक्षे पाठविण्याचे काम नेटाने सुरू झाले. येथे पॅलेटची बांधणी इतर मालाहून वेगळी. द्राक्ष हा जिवंत माल. तो श्वास घेतो व उष्णता सोडतो. म्हणून काढणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरण करून त्याचे तापमान खाली आणावे लागते, बुरशी टाळण्यासाठी खोक्यात गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद ठेवावा लागतो, आणि खोक्यांची छिद्रे थरागणिक एकमेकांसमोर येतील अशी रास करावी लागते. शीत कंटेनरमध्ये थंड हवा जमिनीच्या खाचांतून वर येते. तिला पॅलेटमधून वाट मिळाली नाही, किंवा पॅलेटच्या बाजूस मोकळी जागा मिळाली, तर ती माल टाळून निघून जाते. त्यामुळे येथे सर्वांगाला प्लॅस्टिक गुंडाळणे चुकीचे. चार कडांना पुठ्ठ्याचे कोन लावून आडव्या पट्ट्या आवळणे, हीच योग्य रीत. इतर मालाची सुरक्षितता घट्ट झाकण्यात आहे, द्राक्षांची ती मोकळे ठेवून बांधण्यात.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि २०२४ च्या हंगामात युरोपकडे जाणारी अनेक जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास लांबला. परंतु द्राक्षे भरून सील केलेला कंटेनर वाटेत उघडता येत नाही, त्यातील रास पुन्हा रचता येत नाही, गंधकाचा कागद बदलता येत नाही. वाढलेल्या दिवसांची तरतूद जी काही व्हावयाची ती पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये, पहिला थर पॅलेटवर ठेवतानाच होणे भाग होते. रासेत ठेवलेले तापमाननोंदणी यंत्र ती तरतूद पुरली की नाही हे सांगते. मात्र ते वाचले जाते पलीकडच्या बंदरात, कंटेनरचे दार उघडल्यानंतर.